रीचभाऊ

आमच्या बोळात ॲक्टिव्हा शिरली आणि तिच्या मागच्या सीटवरून ट्रायपॉडचे पाय तोफेच्या नळीसारखे बाहेर आलेले दिसले, की लोक आपापली पोरं आणि बादल्या आत घेतात. रीचभाऊ आला. त्याचं खरं नाव आधारकार्डावर असेल. साताऱ्यात मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत त्याला सगळे रीचभाऊच म्हणतात, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलंय. भेटला की रामराम नाही, 'जेवलात का' नाही. गाडी स्टँडवर लागायच्या आत सवाल : "काका, रीच किती?"

पहिल्यांदा त्यानं हे विचारलं तेव्हा मी म्हणालो, "रिचवायचं कधीच सोडलं बाबा. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय."

तो हसला नाही. विनोद त्याला कळतात, पण तीस सेकंदांच्या आत बसणारे.

माझं बायंडिंगचं दुकान. राजपथावरून आत वळलं की डाव्या हाताला तिसरं. खळ, पुठ्ठा, दोरा आणि रेक्झिन यांत चाळीस वर्षं गेली. शाळांची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, पीएचडीवाल्यांचे प्रबंध. माझ्या गिऱ्हाइकाला दुकान ठाऊक असतं, कारण त्याच्या वडिलांनाही ते ठाऊक होतं. ही गोष्ट रीचभाऊच्या लेखी आजारपणात मोडते. "काका, तुमचा धंदा चाललाय तो निव्वळ ओळखीवर," असं तो डॉक्टरनं एक्स-रे उजेडाकडे धरून बोलावं तसं बोलतो.

त्याची कुंडली मला पाठ आहे. आधी त्याचा सायबर कॅफे होता. दहावीचा निकाल लागला की दारात रांग लागायची आणि नापास झालेल्याला तो प्रिंटआउट फुकट द्यायचा. मग घरोघरी इंटरनेट आलं, तेव्हा त्यानं मोबाइल रिचार्ज सुरू केलं. मग रिचार्जही लोक अंथरुणात पडल्या पडल्या करायला लागले, तेव्हा लग्नाचे फोटो. २०२० साली लग्नं पन्नास माणसांत उरकायला लागली, आणि पन्नास माणसांत फोटोग्राफर धरायचा की मामा, या वादात मामा जिंकला. रीचभाऊ घरी बसला. घरी बसून त्यानं दोन गोष्टी पाहिल्या. जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं आपल्याकडे रील्स आणले. दुसरी गोष्ट खिडकीतून दिसली : खालचा किराणावाला व्हॉट्सॲपवर याद्या घेऊन पिशव्या पोचवत होता, आणि त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त गिऱ्हाईक होतं.

"ज्या फोननं माझे तीन धंदे खाल्ले काका, म्हटलं आता त्याच्याच पोटात जाऊन बसायचं."

तेव्हापासून तो साताऱ्यातल्या दुकानांचं 'डिजिटल' बघतो. त्याचं कार्ड मात्र छापील आहे, जाड, कडेला सोनेरी पट्टी. कारण विचारलं तर म्हणतो, "माणसाच्या हातात काहीतरी लागतं हो."

कामाला लागलेला रीचभाऊ बघण्यासारखा असतो. मागे एका पेढेवाल्याचं रील करायचं होतं. साताऱ्याचा कंदी पेढा म्हणजे खरपूस भाजलेला खवा. रंग तांबूस, पोत रवाळ. रीचभाऊचं म्हणणं, तो रवाळपणा पडद्यावर दिसला पाहिजे. म्हणजे पेढा दोन बोटांत धरून, खिडकीच्या उजेडात, कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर, सावकाश फोडायचा. फोडायला मला धरलं, कारण 'बायंडिंगवाल्याच्या बोटांना कॅरेक्टर असतं.' पहिला पेढा लवकर फुटला. दुसरा उशिरा. तिसऱ्याला माझ्या नखात खळ दिसली. चौदा पेढे फुटले तेव्हा सात सेकंदांची एक क्लिप झाली. उरलेल्या तेरांचा पुरावा नष्ट करण्यात मी आणि दुकानातला पोऱ्या असे दोघे होतो. पेढेवाला गल्ल्यावरून आमच्याकडे अशा नजरेनं बघत होता की त्याचंच रील करायला हवं होतं.

या सगळ्याची फी महिना तीन हजार. तसं कार्डाच्या मागे लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात रीचभाऊच्या घरी पैसा फारसा येत नाही, वस्तू येतात. सलूनवाला त्याची दाढी फुकट करतो, म्हणून तो आठवड्यातून चारदा दाढी करतो. चपलांच्या दुकानानं तीन महिन्यांचे तीन जोड दिले, तिन्ही नऊ नंबरचे. रीचभाऊचा पाय आठ. एका दातांच्या डॉक्टरनं फीच्या बदल्यात रूट कॅनॉल देऊ केलं, तेव्हा त्यानं जिभेनं सगळे दात चाचपून पाहिले आणि एक दुखतोय असं ठरवलं. वहिनी शाळेत शिकवतात, म्हणून घर चालतं. त्या एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, यांनी आमचा संसार पुन्हा बलुतेदारीवर नेऊन ठेवला."

पिठाच्या गिरणीचं प्रकरण तर मुद्दाम सांगितलं पाहिजे. गिरणीवाल्याकडून त्याला दळण मोफत, म्हणून त्याच्यासाठी रीचभाऊनं जिवाचं रान केलं. व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप २०१८ पासून आहे. त्यात दुकानाचा पत्ता, वेळ, मालाची फोटोसकट यादी, सगळं टाकता येतं. रीचभाऊनं गिरणीची यादी केली : गहू, ज्वारी, बाजरी, भाजणी, प्रत्येकाचा वरून काढलेला फोटो, शेजारी एक मोगऱ्याचं फूल. ज्वारी आणि मोगऱ्याचा काय संबंध, असं गिरणीवाल्यानं विचारलं. "ब्रँडिंग," रीचभाऊ म्हणाला. पुढे एकाच वेळी अनेकांना निरोप धाडायचा, तर ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये माणसं मावतात २५६. आणि त्यातही निरोप पोचतो फक्त त्यालाच, ज्यानं आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. हे कळल्यावर गिरणीच्या दारात पाटी लागली : 'नंबर सेव्ह केल्याशिवाय दळण मिळणार नाही.' आयाबाया रांगेत डबे खाली ठेवून एकमेकींना नंबर सेव्ह करून देत होत्या. एका आजींनी तो 'पिठ्या' या नावानं सेव्ह केला.

मग सुरू झाला वर्षाव. सकाळी सुविचार, चतुर्थीला गणपती, संक्रांतीला तिळगूळ, आणि दर बुधवारी 'दळणाचे आरोग्यदायी फायदे'. कुणी वाचलं नाही. स्टेटसही ठेवून पाहिलं. तेरड्याचा रंग निदान तीन दिवस तरी टिकतो, स्टेटसचा चोवीस तासांत उडतो. तीन महिन्यांनी गिरणीवाल्यानं विचारलं, "गिऱ्हाईक कुठं वाढलं?"

अशा वेळी रीचभाऊजवळ एक ठेवणीतलं उत्तर असतं. "अहो, कारवी सात वर्षांनी फुलते. तुम्ही तीन महिने थांबत नाही?"

गिरणीवाला म्हणाला, "मग सात वर्षांनी या दळायला."

आणि एका मंगळवारी लाईट गेली. गिरणीवाल्यानं रीचभाऊला न विचारता, मोगरा न लावता, एका बोटानं टाइप करून त्याच यादीवर निरोप धाडला : 'लाईट नाही. गिरणी ३ नंतर.' तो निरोप सगळ्यांनी वाचला. वीस जणींनी अंगठे धाडले. दोघींनी शेजारणीला दाखवला, आणि शेजारणीनं आपणहून नंबर सेव्ह केला. त्या दिवसापासून गिरणीच्या यादीवर फक्त दोनच प्रकारचे निरोप जातात, गिरणी सुरू आणि गिरणी बंद, आणि गिऱ्हाईक वाढलंय. रीचभाऊच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात यशस्वी मोहीम. तो तिचा उल्लेखही करत नाही.

आता माझ्या दुकानाविषयी. रीचभाऊनं दोन वर्षांपूर्वी मला मोबाइलच्या नकाशावर आणायचं मनावर घेतलं. दुकानाचा फोटो काढायचा होता, पण माझ्या दारात उजेड येतो दुपारी बारानंतर, आणि हा आला सकाळी नऊला. म्हणून तो उजेड शोधत मागे मागे सरकत समोरच्या फुटपाथवर गेला, तिथून फोटो काढला, आणि तिथंच उभं राहून पिन टाकली. समोरचं दुकान मयताच्या सामानाचं आहे.

तेव्हापासून बाहेरगावचे पीएचडीचे विद्यार्थी हातात प्रबंधाची पेनड्राइव्ह घेऊन सरळ तिकडे जातात. बांबू, मडकी, पांढरं कापड आणि कोपऱ्यात रचलेल्या गोवऱ्या बघून त्यांचा चेहरा उतरतो. दुकानदार सज्जन आहे. तो म्हणतो, "घाबरू नका. तुमचं अजून समोर." मी रीचभाऊला शंभरदा सांगितलं, पिन हलव. त्याचं उत्तर ठरलेलं : "टाकलंय काका, रिव्ह्यूमध्ये आहे."

हा माणूस खरा खुलतो तो फोटोच्या सहली आखताना. त्याच्या धंद्याची ती दुसरी शाखा. हिवाळ्यात भिगवण, उजनीच्या पाण्यावर उतरणारे रोहित पक्षी बघायला. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे. उन्हाळ्यात आकाशगंगा. आकाशगंगेला काळोख लागतो, म्हणून तो माझ्या दुकानातल्या कालनिर्णयवर पेनानं अमावास्यांना गोल करतो. माणसं शुभकार्याला अमावास्या टाळतात, हा अमावास्या धरूनच बेत आखतो. आमच्या शेजारच्या काकूंची अजून खात्री आहे की तो काहीतरी करणीबिरणीचं बघतो.

प्रत्येक सहलीचा एक छापील तक्ता असतो. रकाने असे : वेळ, ठिकाण, सूर्य कुठून, ढग, वारा, लेन्स, नाश्ता, आणि शेवटचा मोठा कोरा रकाना, 'उजेड'. तो जागेवर भरायचा. उजेड प्रत्यक्षात कसा पडला, किती वेळ टिकला, याची नोंद. त्याचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते बरंच खरं आहे : "उजेड आणि गिऱ्हाईक, दोन्ही आपल्यासाठी थांबत नाहीत. आपण आधी जाऊन उभं राहायचं." दरवर्षी दिवाळीत हे तक्ते तो माझ्याकडे आणतो. मी ते शिवून, रेक्झिन चढवून, त्यांचं पुस्तक करून देतो.

गेल्या सप्टेंबरात त्यानं मला कासला नेलं. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, संख्या भरायला. आम्ही पाचजण. रूट कॅनॉलवाले डॉक्टर होते. त्यांच्या भिंगाची किंमत ऐकून माझी कवळी हलली. निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांच्या कॅमेऱ्याला चाळीस बटणं होती आणि ते 'ऑटो'शिवाय कशालाच हात लावत नव्हते. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. मी माझा फोन घेऊन. आणि रीचभाऊ.

तक्त्यात लिहिलं होतं : '४:१० उठणे. ४:२० चहा (भांडी न वाजवता). ५:१० पोवई नाका. कुणासाठीही थांबणे नाही. ५:४० यवतेश्वर. ६:२२ सूर्योदय.' आम्ही पाच वाजून दहा मिनिटांनी नाक्यावर हजर. रीचभाऊ आला पावणेसहाला. एका दूधडेअरीचं 'डिजिटल' तो बघतो आणि डेअरीचा दिवस चारला सुरू होतो. म्हशीचं दूध उशिरा येणार होतं, त्याची पोस्ट कशी टाकायची यावर खल चालला होता.

"साधं लिही की, दूध सातला," मी म्हणालो.

"काका, त्यात भावना कुठंय?"

यवतेश्वरच्या घाटात पोचलो तेव्हा खाली सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसायला हवा होता. तक्त्यात तसं होतं. दिसलं ते धुकं. रीचभाऊनं ट्रायपॉड लावला, आडवा स्क्रू घट्ट केला, घड्याळ बघितलं आणि सहा बाविसाला धुक्याकडे बोट करून म्हणाला, "आत्ता उगवला." आम्ही सगळ्यांनी त्या दिशेला मान हलवली. न दिसणाऱ्या सूर्याचं इतक्या वक्तशीरपणे दर्शन मी पहिल्यांदाच घेतलं. बँकवाल्या साहेबांनी तरी एक फोटो काढला. तो घरच्या चादरीचा आहे असं कुणी म्हणालं तर नाही म्हणता येणार नाही.

"धुकं म्हणजे देवाचा डिफ्यूझर," रीचभाऊ म्हणाला, आणि आम्ही पुढं निघालो.

साताऱ्यापासून कास पंचवीस किलोमीटर. वर कातळ, कातळावर ओंजळभर माती, आणि त्या मातीवर पावसाच्या शेवटाला फुलांचे पट्टेच्या पट्टे : सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, गेंदाचे पांढरे ठिपके. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात हे पठारही आलं. रीचभाऊच्या भाषेत, "एकदाच टॅग केलं त्यांनी, बघा, अजून रीच येतोय." आता आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून पायवाट सोडायची नाही. ते नियम रीचभाऊ काटेकोर पाळतो. पायवाटेवरच तो पोटावर आडवा झाला आणि मागची सगळी रांग अडली.

मॅडमनी वाकून ओलसर मातीतलं निळं-जांभळं इवलं फूल दाखवलं. सीतेची आसवं. "दिसायला इतकं नाजूक," त्या म्हणाल्या, "पण ही कीटकभक्षी वनस्पती आहे. जमिनीखाली हिच्या बारीक बारीक पिशव्या असतात. एखादा चिमुकला जीव जवळ आला की पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते."

रीचभाऊ पोटावर तसाच पडून राहिला. दाढी फुलाच्या पातळीवर. बऱ्याच वेळानं म्हणाला, "वरती कंटेंट, खाली फनेल."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "व्यवसायातला शब्द आहे."

धुकं काही उठेना. फुलांचे गालिचे दहा हातांच्या पलीकडे संपत होते. शेवटी आम्ही परत फिरलो. रस्त्याच्या कडेला निळं प्लास्टिक ताणलेली एक टपरी दिसली. चूल, किटली, परातीत भिजवलेलं बेसन, टोपलीत कणसं. डॉक्टरसाहेब हात शेकत म्हणाले, नशीब आम्हाला दिसली. मावशी भजी सोडत म्हणाल्या, "दिसंल न्हाई तर काय? पर परवा पुन्याची गाडी थांबली आन् बाई म्हनती कशी, मोबाइलवर हितं काईच दावत न्हाई, म्हनून आमी फुडं चाललो हुतो. म्या म्हनलं, अवो, म्या हितं उभी हाय की!"

आम्ही हसलो. रीचभाऊ हसला नाही. त्याच्या हातातलं भजं तसंच राहिलं. इतकं दुःख मी त्याच्या चेहऱ्यावर चपलांचा तिसरा जोड मिळाला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"मावशी, नाव काय टपरीचं?"

"नाव कशाला? मावशीची टपरी म्हनत्यात."

त्यानं खिशातला तक्ता काढला, गुडघ्यावर पसरला, पेन काढलं. फोनला रेंज नव्हती. "काय काय मिळतं?"

"दिसतंय की. च्या, भजी, कनीस."

"उघडता कधी?"

"उजाडलं की."

"बंद?"

"दिस बुडला की."

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी पडदा ओढावा तसं धुकं सरकलं. ढगांना एक भोक पडलं, त्यातून ऊन तिरकं उतरलं आणि अख्खं पठार, ज्याच्यासाठी आम्ही चारला उठलो होतो ते, पिवळं-गुलाबी पेटलं. ओल्या गवताच्या पात्यापात्यावर थेंब चमकले. डॉक्टर भिंग घेऊन धावले. बँकवाले साहेब धावले. मॅडमही धावल्या. मी ओरडलो, "अरे रीचभाऊ, उजेड!"

"एक मिनिट," तो मान वर न करता म्हणाला. "मावशी, दिवस बुडला की म्हणजे साडेसहा धरू का सात?"

"आता त्ये काय मी बुडवतीय व्हय?"

"आणि सोमवारी सुट्टी असते का?"

"भूक काय सोमवारी सुट्टी घेती?"

चार मिनिटं तो उजेड होता. मग भोक बुजलं. रीचभाऊनं मान वर केली तेव्हा सगळं पुन्हा राखाडी. डॉक्टर धापा टाकत आले आणि त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो दाखवला. रीचभाऊनं तो बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, "थोडा अंडरएक्स्पोज झालाय." मग त्यानं मावशींच्या किटलीचा एक फोटो काढला. एकच. वाफ आपोआप आली होती.

खाली उतरताना पहिली रेंज आली तिथं त्यानं गाडी थांबवायला लावली आणि टपरी नकाशावर चढवायला घेतली. पिन लावताना त्यानं मॅडमना तीनदा विचारलं, वळणाच्या अलीकडे की पलीकडे. मावशींकडून त्यानं काही घेतलं नाही. भज्यांचे पैसेही स्वतः दिले, रोख. मी त्याच्या हातात नोट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दिवाळीत तो तक्ते घेऊन आला. मी फॉर्मे जुळवताना कासचं पान वर आलं. त्यावर तेलाचा गोल डाग होता, आणि 'उजेड' या रकान्यात त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : 'चहा, भजी, कणीस. उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत. सोमवारी पण.'

ते पान मी मधोमध घातलं, जरा घट्ट शिवलं. लाल रेक्झिन चढवलं, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवली. त्यानं पुस्तक हातात घेऊन उघडझाप केली, वास घेतला, आणि म्हणाला, "किती झाले काका? की एक रील करून देऊ?"

"रील नको," मी म्हणालो. "माझी ती पिन तेवढी समोरून उचल."

त्यानं रस्त्यापलीकडे बघितलं. मडकी, बांबू, पांढऱ्या कापडाचे तागे. बराच विचार केला.

"राहू द्या काका," तो म्हणाला. "लोकेशन चांगलंय. तिथं आज ना उद्या सगळेच येतात."